आठवी-नववीच्या मुलांच्या चिठ्ठ्या

आज एका शाळेत आठवी-नववीच्या मुलामुलींशी लैंगिक अत्याचार आणि त्यापासून बचाव या विषयावर बोलले. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ त्यांना लहानपणापासून पाठ आहे. पण या वयाचे प्रश्न त्याच्या फार पुढचे असतात. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या होत्या. “फोटो पाठव, नाहीतर घरी सांगेन, असं कुणी म्हणत असेल तर?” “घरातलाच माणूस असेल तर आईचा विश्वास बसेल का?” एकाने विचारलं होतं, “मुलग्यांच्या बाबतीतपण असं होतं का?”

हो, होतं. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात ५३ टक्क्यांहून अधिक मुलामुलींनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. हे ऐकल्यावर मागच्या बाकांवरची खुसखुस थांबली.

२०१२ चा पोक्सो कायदा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यावा, त्याची ओळख माध्यमांत उघड होऊ नये, असं कायदाच सांगतो. मुलांना सगळ्यात जास्त धीर आला तो याने. त्यांना भीती असते ती बभ्रा होण्याची, आणि ती किती खोल असते हे आपण मोठी माणसं विसरतो.

१०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांनी वहीत लिहून घेतला. निघताना एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे आमच्या आईबाबांना पण सांगा ना.” मुख्याध्यापकांशी बोलले आहे. पुढच्या पालकसभेत वेळ मिळतोय.