कपाखाली, तांब्यावर, कढईच्या कानाला: क्रोशाच्या लहान वस्तू

क्रोशाची सुई हातात आली की पहिला बेत मफलरचा नाहीतर बाळाच्या स्वेटरचा होतो, आणि तो बेत निम्म्यावर कपाटात जातो. त्यापेक्षा एका बैठकीत संपतील अशा वस्तू घ्याव्यात. मात्र लहान वस्तू सोपी असली तरी ती चूक लपवत नाही. मफलरमध्ये दोन टाके जास्त झाले तर कुणाच्या लक्षात येत नाही. दहा सेंटिमीटरच्या गोलात तेच दोन टाके झाले की कप डुगडुगतो. म्हणून दोनच गोष्टींबाबत काटेकोर राहायचं: दोरा वस्तूच्या कामाप्रमाणे निवडायचा आणि प्रत्येक फेरीचे टाके मोजायचे.

आधी दोरा. दुकानात पटकन हाती लागते ती अ‍ॅक्रिलिक लोकर. स्वस्त असते, रंग भरपूर मिळतात. पण ती पाणी शोषत नाही आणि गरम भांड्याखाली वितळते. कपाखालचा रुमाल, पॉटहोल्डर (गरम भांडं धरायचा जाड चौकोन), भांडी पुसायचं फडकं यांना सुतीच दोरा लागतो. शिकताना ८ प्लायचा (प्लायचा आकडा जितका मोठा तितका दोरा जाड) सुती दोरा आणि ४ मिमीची सुई ही जोडी सगळ्यांत बरी, कारण टाके डोळ्यांना स्पष्ट दिसतात. ४ प्लायच्या दोऱ्याला अडीच ते तीन मिमीची सुई चालते. जाळीचे रुमाल होतात तो २० नंबरचा बारीक, चकचकीत धागा सव्वा ते दीड मिमीच्या स्टीलच्या सुईवर विणतात. पहिल्या वस्तूसाठी काळा किंवा गडद निळा दोरा घेऊ नका. संध्याकाळच्या दिव्यात त्याचे टाके मोजताच येत नाहीत.

लाल आणि गडद रंग कधीकधी सुटतात. दोऱ्याचं एक टोक ओलं करून पांढऱ्या कापडात दोन मिनिटं दाबून धरा. डाग पडला तर तो रंग पांढऱ्यासोबत एकाच वस्तूत वापरू नका. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. बाजारातल्या रंगीत सुताचा जादा रंग वेगळं धुऊन धुऊनच जातो.

साखळी (सुईवरच्या फाशातून दोरा ओढून काढणं) आणि जोडायचा सरकटाका (टाक्यातून ओढलेला दोरा सुईवरच्या फाशातूनही तसाच काढणं) सोडले तर टाके तीनच पुरतात. मुका खांब: टाक्यात सुई घालून दोरा ओढून आणा, सुईवर दोन फासे होतील, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. खांब: आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, मग टाक्यातून दोरा ओढा, तीन फासे होतात, ते दोन-दोन करून सोडवा. तेच तीन फासे एकदम सोडवले की अर्धा खांब. व्हिडिओ बघून विणणाऱ्यांनी एवढं तपासावं की सांगणारी व्यक्ती अमेरिकन पद्धतीने बोलतेय की ब्रिटिश. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात. हा घोळ झाला की वस्तूची उंची दुप्पट होते आणि दोरा अर्ध्यात संपतो.

कपाखालचा गोल

८ प्लाय, ४ मिमी सुई, एका गोलाला साधारण ८ ते १० ग्रॅम दोरा. म्हणजे ५० ग्रॅमच्या गुंड्यात पाच गोल बसतात. सहाचा संच हवा असेल तर एकाच लॉटचे दोन गुंडे आधीच घेऊन ठेवा. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग किंचित वेगळा निघतो आणि तो फरक टेबलावर लगेच दिसतो.

४ साखळ्या घालून पहिल्या साखळीत सरकटाका घ्या, छोटं कडं होईल. ३ साखळ्या घाला (हा पहिला खांब धरायचा) आणि कड्यात ११ खांब घाला. एकूण १२. तिसऱ्या साखळीच्या डोक्यात सरकटाक्याने जोडा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब, एकूण २४. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं शेवटपर्यंत, एकूण ३६. कडेला मुक्या खांबांची एक फेरी: पाच टाक्यांत एकेक, सहाव्यात दोन, एकूण ४२. साधारण नऊ ते दहा सेंटिमीटरचा गोल होतो. चहाच्या कपाला पुरे. मोठ्या मगला खांबांची आणखी एक फेरी घाला (४८), मग कड ५४ ची.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यामागचा हिशेब एकदा समजून घेतला तर पॅटर्नची गरजच उरत नाही. गोलाची त्रिज्या जेवढी वाढते त्याच्या सव्वासहा पट परीघ वाढतो. मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो, म्हणून त्याच्या प्रत्येक फेरीला ६ टाके वाढवायचे. खांब रुंदीच्या दुप्पट उंच, म्हणून १२. अर्धा खांब मधला, त्याला ८. वर कडेच्या फेरीत आपण ६ च का वाढवले, हेही यातच आलं.

गोल वाटीसारखा वर वळू लागला तर वाढ कमी पडली. कडेला झालर पडू लागली तर वाढ जास्त झाली. मोजणी बरोबर असूनही वाटीच होत असेल तर तुमचा खांब लांब पडतोय. टाक्यातून दोरा ओढून आणताना हात फार वर नेण्याची सवय असली की असं होतं. तिथे वाढीचे टाके बदलू नका, पहिला फासा आखूड ठेवा.

मोजणी सगळ्यात जास्त कुठे चुकते? फेरीच्या जोडावर. ३ साखळ्या हाच पहिला खांब असल्यामुळे त्यांच्या बुडाशी पुन्हा खांब घालायचा नसतो. फक्त त्या टाक्यात दोन खांबांची पाळी असेल तर तिथे एक जादा घालायचा. नवखे हात जिथे नको तिथे तो घालतात, आणि फेरीच्या शेवटी साखळीच्या डोक्यातला टाका विसरतात. एक वाढला, एक घटला, बेरीज बरोबर. पण जोड तिरका सरकत जातो आणि गोलावर वळणदार रेघ दिसते. जोडाशी भोक दिसत असेल तर ३ ऐवजी २ साखळ्या घालून पाहा.

आणखी एक. दोन-दोनचे टाके प्रत्येक फेरीत एकावर एक आले की गोलाला कोपरे फुटतात. तीन-चार फेऱ्यांत ते जाणवत नाही, पण पुढे मोठा रुमाल करायचा असेल तर एका फेरीआड वाढीची जागा दोन-तीन टाके पुढे सरकवा.

तांब्यावरचा मण्यांचा रुमाल

रुखवतात तोरणाच्या शेजारी हमखास मांडला जाणारा हा रुमाल आता फक्त शोभेचा समजला जातो, ते काही बरोबर नाही. तांब्या, ताकाचं भांडं, सरबताचा जग झाकायला याच्यासारखी चांगली वस्तू नाही. मणी सजावटीसाठी नसतात, वजनासाठी असतात. पंख्याच्या वाऱ्याने रुमाल उडू नये आणि कड चहूबाजूंनी खाली ओढलेली राहावी म्हणून. त्यामुळे प्लास्टिकचे हलके मणी लावून उपयोग नाही. काचेचे ६ मिमीचे ३० मणी मिळून आठेक ग्रॅम भरतात, तेवढं वजन पुरतं. घेताना मण्याच्या भोकाची कड बोटाने चाचपा. धारदार असेल तर काही महिन्यांत धागा तिथेच तुटतो.

तांब्याचं तोंड ९ सेंमी असेल तर रुमाल १७-१८ सेंमीचा हवा, म्हणजे चारही बाजूंनी चारेक सेंमी खाली येतो. २० नंबरच्या धाग्यात एका खांबाची उंची साधारण अर्धा सेंमी. वरच्याच हिशेबाने १२ पासून सुरू करून दर फेरीला १२ वाढवत १५ फेऱ्या केल्या की १८० टाके होतात आणि रुमाल पंधरा-सोळा सेंमीला पोचतो. उरलेलं अंतर मण्यांच्या कमानी भरून काढतात. हात घट्ट असेल तर एखादी फेरी जास्त लागेल, पण टाके ६ ने भागले जाणारे राहतील एवढं बघा.

मधे जाळीची फेरी हवी असेल तर १ खांब, १ साखळी, खालचा एक टाका सोडून पुढचा खांब, असं विणा. साखळीही टाका म्हणून मोजा. जाळीच्या फेरीत वाढ करण्याच्या फंदात पडू नका. पुढच्या भरीव फेरीत २४ वाढवून भरपाई करा. फार मोठी जाळी मात्र टाळा. चिलट आत जाणार असेल तर झाकण कसलं?

आता मणी. ते आधी धाग्यात ओवून घ्यायचे असतात, विणून झाल्यावर शिवायचे नसतात. पण सुरुवातीलाच ओवले तर १५ फेऱ्या ते मणी पुढे ढकलत बसावं लागतं आणि तेवढ्या घासण्याने धाग्याची चमक जाते. म्हणून भरीव भाग झाला की धागा तोडा, दुसऱ्या गुंड्यात ३० मणी आणि दोन जादा ओवा, आणि त्या धाग्याने शेवटची फेरी सुरू करा. दोन रंगांचे मणी असतील तर ओवताना क्रम उलटा लागतो. शेवटी ओवलेला मणी विणताना सर्वांत आधी येतो.

कमान अशी: टाक्यात १ मुका खांब, ३ साखळ्या, मणी सुईला भिडेपर्यंत सरकवा, त्याच्या पलीकडून दोरा घेऊन १ साखळी घट्ट ओढा, ३ साखळ्या, मग ५ टाके सोडून सहाव्यात मुका खांब. १८० टाक्यांत अशा बरोबर ३० कमानी बसतात. मण्यानंतरची ती एक साखळी सैल राहिली की मणी कमानीभर घसरत फिरतो, म्हणून तिथे हात आवळायचा.

झालेला रुमाल ताबडतोब तांब्यावर टाकला तर सुरकुतलेला, ओढलेला दिसतो. त्याला खळ द्या. एक कप पाण्यात एक चमचा साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा, कोमट असताना रुमाल बुडवून हलकेच दाबून काढा. पिळू नका. दुमडलेल्या टॉवेलवर पसरून आधी समोरासमोरच्या चार कमानी टाचण्यांनी ताणा, मग मधल्या. गंज न चढणाऱ्याच टाचण्या घ्या, नाहीतर पांढऱ्या रुमालावर तपकिरी ठिपके कायमचे राहतात. पावसाळ्यात खळ पातळ ठेवा. कपाटात दमट हवेत जाड खळीला बुरशी लवकर धरते.

पॉटहोल्डर

एकेरी क्रोशाचा चौकोन गरम कढईसाठी कुचकामी आहे, टाक्यांमधल्या फटींतून चटका लागतोच. दुहेरी जाडीचा चौकोन दोन तुकडे न शिवता एकाच विणीत होतो. ८ प्लाय सूत, ४ मिमी सुई, एक ५० ग्रॅमचा गुंडा.

४३ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरू करून ४२ मुके खांब. टोकाला पोचलात की काम न उलटता साखळीच्या खालच्या बाजूने परत ४२ मुके खांब. आता ८४ टाक्यांची चपटी पिशवी सुरू झाली. यापुढे वाढ नाही, घट नाही, जोडही नाही. नुसतं गोल गोल विणत राहा. फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवा.

साधारण २२ ते २४ फेऱ्यांनंतर एक गंमत होते. पिशवी उघडून तिची दोन टोकं आत वळवली की तोंडाच्या कडा मधोमध एकमेकींना भिडतात आणि समोर चौकोन तयार होतो, सुरुवातीची साखळी त्याच्या कर्णावर येते. फेऱ्या मोजण्यापेक्षा विसाव्या फेरीपासून अशी घडी घालून बघत जा. कडा ओढून आणाव्या लागत असतील तर अजून एक-दोन फेऱ्या हव्यात. फुगत असतील तर उसवा. मग बोथट सुईने त्या कडा एकमेकींना शिवून टाका. सोळाएक सेंमीची बाजू येते.

ओलं फडकं जसं हातात धरवत नाही तसंच ओला पॉटहोल्डरही धरवत नाही. पाणी उष्णता चटकन हातापर्यंत आणतं. म्हणून दोन करा, एक वाळत असताना दुसरा वापरायला. टांगायची कडी ८-१० साखळ्यांपेक्षा लांब नको, गॅसच्या ज्योतीजवळ लोंबते.

टोकं लपवण्याबद्दल इथेच सांगते, कारण पॉटहोल्डर सतत धुतला जातो. किमान १५ सेंमी दोरा सोडूनच कापा. सुईने टाक्यांच्या आतून एका दिशेला ४-५ सेंमी न्या, एक टाका सोडून परत उलट न्या, मग आडवं न्या. नुसती गाठ मारून काप दिला तर दोन धुण्यांत टोक बाहेर येतं. चकचकीत धागा तर आणखी लवकर निसटतो.

उरलेल्या दोऱ्याचं

केसांच्या साध्या जाड रबरावर ५० मुके खांब घाला, रबर आत धरून. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात तीन खांब, झाली स्क्रंची. रबरावर टाके कमी बसवले तर ते ताणतच नाही, म्हणून पहिल्या फेरीनंतर एकदा पूर्ण ताणून बघा, दोरा आवळतोय असं वाटलं तर टाके दाटीने सरकवून आणखी आठ-दहा घाला. इथे अ‍ॅक्रिलिक चालतं.

साबणाच्या चिपट्यांसाठी छोटी जाळीची पिशवीही होते, पण कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ती सुती करू नका. वाळत नाही आणि वास धरते. अ‍ॅक्रिलिकला पाणी न शोषण्याचा जो दोष स्वयंपाकघरात नडतो, तोच बाथरूममध्ये कामी येतो.