टाकीवरच्या पाटीवर वाइनचं लेबल ठरवू नये

ऑस्ट्रेलियातल्या एका वाइनरीत लेबलांची तपासणी करत होतो. लेबलावर तीन दावे होते: द्राक्षाचं वाण शिराझ, द्राक्षं काढल्याचं साल 2021 आणि प्रदेशाचं नाव. तिथल्या कायद्याप्रमाणे प्रत्येक दाव्यासाठी बाटलीतली किमान 85 टक्के वाइन तशी असावी लागते, आणि ते सिद्ध करणाऱ्या नोंदी सात वर्षं जपाव्या लागतात.

अशी तपासणी बाटलीपासून वेलीकडे, उलट दिशेनं करायची असते. लॉट नंबरवरून बाटल्या भरल्याची नोंद काढली: 9,000 लिटर, म्हणजे 750 मिलीच्या 12,000 बाटल्या. मिश्रणाच्या कागदावर 8,100 लिटर शिराझ आणि 900 लिटर काबर्ने या दुसऱ्या वाणाची वाइन, दोन्ही 2021 ची. शिराझ 90 टक्के. बरेच जण इथेच समाधान मानतात, आणि खरी चूक याच्या मागच्या पायरीवर असते.

शिराझ द्राक्षांच्या वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज होती 10,400 किलो. टनाला साधारण 650 ते 750 लिटर वाइन निघते. कितीही ताणलं तरी 7,800 लिटर. मग 8,100 आले कुठून?

उत्तर टाकी बदलल्याच्या चिठ्ठीत होतं. 7,500 लिटर शिराझ मोठ्या टाकीत घेतल्यावर वर जागा उरली. तिथे हवा राहिली तर वाइन बिघडते, म्हणून मर्लो या तिसऱ्या वाणाची 2022 ची 600 लिटर वाइन घालून टाकी काठोकाठ भरली. हा निर्णय योग्यच होता. चिठ्ठीवर मात्र कोणत्या टाकीतून किती आलं एवढंच लिहिलं, आणि पाटी ‘शिराझ 2021’ अशीच राहिली. पुढच्या माणसानं ती टाकी शंभर टक्के शिराझ धरली.

आता हिशोब बघा. शिराझ 7,500 भागिले 9,000, म्हणजे 83.3 टक्के: दावा नापास. 2021 ची वाइन 93.3 टक्के: पास. द्राक्षं सगळी त्याच प्रदेशातली, त्यामुळे तो दावाही पास. अमेरिकी नियमांनी निकाल उलटा लागतो. तिथे वाणाला सर्वसाधारणपणे 75 टक्के पुरतात, पण लेबलावर अधिकृत द्राक्षक्षेत्राचं नाव असेल तर सालाला 95 लागतात.

म्हणून प्रत्येक हालचालीच्या चिठ्ठीवर तारीख, कुठून कुठे, किती लिटर आणि बॅच नंबर तर हवाच, शिवाय हालचालीनंतर टाकीत कोणत्या वाणाचे, सालाचे, प्रदेशाचे किती लिटर आहेत हेही हवं. नुसती टक्केवारी लिहू नये. पुढच्या मिश्रणात टक्क्याचे टक्के होतात आणि मूळ आकडा हरवतो. टाकीचा नंबर हा बॅच नंबर म्हणून तर कधीच वापरू नये, कारण पुढच्या हंगामात त्याच टाकीत दुसरीच वाइन असते.

सुदैवानं बाटल्या अजून विनालेबल साठवलेल्या होत्या. नव्या लेबलावर तिन्ही वाणांची नावं उतरत्या क्रमानं आली: शिराझ, काबर्ने, मर्लो. साल आणि प्रदेश होते तसेच राहिले.