अक्षाची जागा आणि धातूचे माप

शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त कार्यशाळेत संगणकनियंत्रित लेथ (धातूची वस्तू फिरवत ठेवून कापणारे यंत्र), म्हणजे ज्याला आज सगळेच सीएनसी म्हणतात ते यंत्र, बसवण्याचे घाटत आहे असे माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत समजले, आणि तेव्हापासून जे मनात घोळत आहे ते या स्मरणिकेतून मांडावे असे वाटले. यंत्र यावे आणि लवकर यावे, याच मताचा मी आहे. शाळा सोडल्यापासून मी कोल्हापूर परिसरातच, आधी उद्यमनगरात आणि नंतर शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत, टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, म्हणून काम करत आलो आहे आणि त्यातला बराच काळ सीएनसीवर गेला आहे. माझी विनंती एवढीच आहे की नव्या यंत्राला जागा करून देण्यासाठी जुने लेथ, फिटिंगचे शेगडे (वस्तू आवळून धरणारे व्हाइस) आणि मोजमापाच्या साधनांचे कपाट हलवू नये. रोजच्या कामात जे पाहिले त्यावरून ही विनंती करतो आहे, म्हणून ते काम जरा सविस्तर सांगतो.

आठवीत तांत्रिक विषय घेतलेल्या मुलांच्या हाती सरांनी पहिल्यांदा दिली ती कानस. पोलादाची पट्टी शेगड्यात धरायची, आधी जाड दातांच्या बास्टर्ड, मग सेकंड कट आणि शेवटी बारीक दातांच्या स्मूथ कानशीने तिची एक बाजू सपाट करायची, आणि काटकोन तपासायचा गुण्या लावून ती उजेडाकडे धरायची. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा शेगड्याकडे. कानस पुढे नेताना सुरुवातीला डाव्या हाताचा भार जास्त असावा आणि शेवटी उजव्या हाताचा, नाहीतर दोन्ही कडा उतरतात आणि मध्ये फुगवटा राहतो, हे सर आमच्या हातावर स्वतःचा हात ठेवून शिकवत असत. सपाट दिसणारा पृष्ठभाग सपाट असतोच असे नाही, तो तपासावा लागतो, ही सवय आम्हांला त्या पट्टीने लावली. ती लागायला महिने गेले आणि ते महिने वाया गेले असे मला कधीही वाटले नाही.

मोजमापाचे कपाट सर स्वतः उघडत. व्हर्नियर कॅलिपरच्या मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे सरकपट्टीवर ५० भाग केलेले असतात, त्यामुळे सरकपट्टीचा एक भाग ०.९८ मिलिमीटरचा होतो आणि लघुतम माप ०.०२ मिलिमीटर येते, हे आम्ही विज्ञानाच्या तासाला पाठ केले होते. पण ते साधन कसे फसवते हे कार्यशाळेत कळले. सरांनी एकच दंडगोल पिन व्हर्नियरच्या जबड्यांत आधी मुळाशी आणि मग टोकाशी धरायला लावली, बोट जरा जोराने दाबायला सांगितले आणि दोन्ही रीडिंग फळ्यावर लिहिली. ती सारखी नव्हती. व्हर्नियरची पट्टी एका बाजूला आणि जॉब, म्हणजे मोजायची किंवा घडवायची वस्तू, दुसऱ्या बाजूला असतो, त्यामुळे दाब पडला की सरकता जबडा किंचित कलतो. मायक्रोमीटरमध्ये मोजणारा स्क्रू आणि मोजायची वस्तू एकाच रेषेत असतात, म्हणून तो दोष तिथे जवळजवळ नाहीसा होतो. अर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० साली हेच तत्त्व मांडले होते, हे मला फार पुढे वाचायला मिळाले. सरांनी ते नाव कधी घेतले नाही, पण तत्त्व मात्र आमच्या बोटांना समजावून दिले होते.

मायक्रोमीटरच्या स्क्रूची पिच (एका फेऱ्यात तो सरकतो ते अंतर) अर्धा मिलिमीटर आणि थिंबलवर, म्हणजे फिरवायच्या नळीवर, ५० भाग, म्हणून लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. मोजण्याआधी दोन्ही तोंडे पुसायची, त्यांच्यामध्ये कोरा कागद हलकेच धरून ओढायचा, शून्य तपासायचे, आणि थिंबल थेट न आवळता टोकाचे, दाब ठरावीकच ठेवणारे रॅचेट फिरवायचे. आज डिजिटल साधनांवर आकडा आपोआप दिसतो, ही सोय मोठी आहे, परंतु तोंडांमध्ये चिपचा, म्हणजे कापताना निघालेल्या धातूच्या भुशीचा, कण अडकला असेल तर तोही त्या आकड्यात मिळवला जातो. नव्या मुलांना मी पहिल्यांदा पुसायलाच शिकवतो.

लेथवरचा एक पाठ मात्र मला विशेष सांगावासा वाटतो, कारण गणित आणि लोखंड एकमेकांना इतके जवळून भेटलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. आमच्या एका लेथचा लीडस्क्रू (कापणारे टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंची होता, इंचाला चार आट्यांचा, आणि आम्हांला पाडायचे होते दीड मिलिमीटर पिचचे आटे. सरांनी कपाटातून १२७ दातांचे एक मोठे चाक काढले. आम्ही एरवी वापरत असलेल्या चाकांत असा विचित्र आकडा कुठेच नव्हता. मग त्यांनी फळ्यावर लिहिले की एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट केली की दशांश जाऊन पूर्ण संख्या उरते ती १२७. लीडस्क्रूच्या एका फेऱ्यात टूल ६.३५ मिलिमीटर सरकते. ते दीड मिलिमीटरच सरकावे म्हणून जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलकडे ३० दातांचे चाक आणि लीडस्क्रूवर १२७ दातांचे चाक बसवायचे. हिशोब वहीत तपासला, चाके बसवली आणि पिच गेज लावून पाहिला तर पाती आट्यांत नेमकी बसली. त्यातही एक पथ्य होते. इंची लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना लीडस्क्रूला पकडणारा हाफ नट काम संपेपर्यंत उघडायचा नाही. टूल बाहेर घेऊन यंत्र उलटे फिरवतच सुरुवातीला आणायचे, कारण एकदा सोडलेला नट पुन्हा त्याच जागी पडेल याचा भरवसा नसतो.

पुढे सीएनसीवर आटे पाडण्याची वेळ आली तेव्हा हाच पाठ उपयोगी पडला. तिथे चाके बदलायची नसतात. स्पिंडलला जोडलेला, फेरे मोजणारा एन्कोडर प्रत्येक फेऱ्याला एक खूण पाठवतो आणि त्या खुणेची वाट पाहूनच यंत्र प्रत्येक वेळी त्याच कोनातून कट सुरू करते. हाफ नट न उघडण्याच्या आमच्या पथ्याची जागा या खुणेने घेतली आहे. प्रोग्रॅममधील जी ७६ या आटे पाडण्याच्या आज्ञेत, म्हणजे सायकलमध्ये, पी या अक्षरापुढे सहा अंक लिहितात, आणि त्यांतील पहिले दोन शेवटचा कट किती वेळा फिरवायचा ते सांगतात. बरेच ऑपरेटर ते आकडे आधीच्या प्रोग्रॅमवरून उतरवतात. ज्याने हाताने आटे पाडले आहेत त्याला त्यांचा अर्थ ठाऊक असतो: डायलवरचा आकडा न बदलता टूल पुन्हा फिरवले तरी बारीक चिप निघते, कारण आधीच्या कटाच्या दाबाने जॉब आणि टूल दोन्ही किंचित मागे सरकलेले असतात. लांब बोअरिंग बारवर, म्हणजे जॉबमधले भोक (बोअर) कापणाऱ्या टूलच्या दांड्यावर, हे फार जाणवते. बारची बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली तर तितक्याच दाबाला तो आठपट वाकतो.

माझे सगळे म्हणणे इथेच येऊन थांबते. सीएनसी यंत्राला आपला अक्ष, म्हणजे टूल नेणारा सरकता भाग, कोठे आहे ते फार चांगले कळते. मोटरमागचा एन्कोडर तो भाग सरकवणारा बॉलस्क्रू किती फिरला ते मोजतो आणि पडद्यावर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत आकडा दिसतो. परंतु तो आकडा अक्षाच्या जागेचा असतो. जॉबवर प्रत्यक्ष किती धातू उरला आहे हे त्या आकड्यात नसते. टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याचे, म्हणजे इन्सर्टचे, टोक झिजते, बार वाकतो, स्पिंडल तापून सकाळपेक्षा दुपारी वेगळ्या जागी असतो, आणि पडद्यावरचा आकडा तोच राहतो. म्हणून ५० मिलिमीटरचा व्यास ५०.०३ आला तर ऑपरेटर मोजून वेअर ऑफसेटमध्ये (झीज भरून काढण्याच्या दुरुस्तीच्या रकान्यात) उणे ०.०३ टाकतो. ते मोजणेच चुकले, तर यंत्र ती चूक अत्यंत इमानाने पुढच्या प्रत्येक जॉबवर उतरवते. यंत्रातच जॉब मोजणारे प्रोब आता मिळतात आणि ते चांगले आहेत, पण ज्या सरकत्या भागांनी जॉब कापला त्यांच्यावरच ते चालतात, त्यामुळे अखेरची तपासणी बाहेरच्या साधनाने करणे मला आवश्यक वाटते.

उष्णतेचेही तसेच आहे. मापाचे प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानतात. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढते, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाचा जॉब यंत्रातून काढताना १५ अंशांनी गरम असेल तर तो सुमारे १७ मायक्रॉन मोठा मोजला जाईल. या व्यासाला एच ७ या प्रमाणित श्रेणीची पूर्ण मोकळीक, म्हणजे मापात चालणारा फरक, ३५ मायक्रॉनची असते, आणि तिचा निम्मा भाग असा नुसत्या घाईत संपतो. ॲल्युमिनियम तर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. सर जॉब मोजण्याआधी तो सरफेस प्लेट या सपाट पाटावर ठेवून थांबायला लावत, तेव्हा आम्हांला ते वेळ घालवणे वाटे.

एका कारखान्यात घडलेली गोष्ट सांगतो. पातळ भिंतीच्या पोलादी कड्यांचे बोअरिंग नव्या सीएनसी लेथवर होत होते. डायल बोअर गेजने, म्हणजे भोकाचा व्यास दोन टोकांनी मोजणाऱ्या साधनाने, तपासलेला प्रत्येक जॉब मापात होता, नोंदवही स्वच्छ होती, आणि तरीही जुळणी विभागातून तक्रार येत होती की बेअरिंग कुठे घट्ट तर कुठे सैल बसते. प्रोग्रॅम तपासला, ऑफसेट तपासले, इन्सर्ट बदलले. शेवटी एका वयस्क टर्नरांनी प्लग गेजला (भोकात घालून पाहायच्या प्रमाण दंडगोलाला) निळा रंग लावून तो बोअरमध्ये फिरवला, आणि रंग तीनच ठिकाणी लागलेला दिसला. जॉब धरणाऱ्या चकच्या तीन जबड्यांनी कडे आवळले की ते किंचित दबते, त्या दबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल कापला जातो, आणि जबडे सुटल्यावर कडे मूळ आकारात येताच बोअरच तीन बाजूंचा होतो. असा आकार दोन टोकांनी मोजणाऱ्या गेजला सापडत नाही, कारण समोरासमोरचे अंतर सगळीकडे जवळपास सारखेच भरते. त्याला तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर लागतो. सॉफ्ट जॉ, म्हणजे चकचे मऊ जबडे, कड्याच्या व्यासाला बोअर करून घेतले, फिनिश कटाच्या वेळी चकचा हायड्रॉलिक दाब कमी केला, आणि तक्रार थांबली. त्या टर्नरांना प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता, पण चकची चावी हाताने आवळताना पातळ जॉब कसा दबतो हे त्यांच्या मनगटाला माहीत होते.

म्हणून सीएनसी कमी दर्जाचे आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९५२ साली छिद्रे पाडलेल्या पट्टीवरून चालणारे मिलिंग यंत्र दाखवले गेले, त्यामागे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र अचूक कापण्याची गरज होती, आणि तसे वक्र दोन हातांनी दोन चाके एकाच वेळी फिरवून कोणीही कापू शकत नव्हते. आजही गोलाकार टोकाचा जॉब सीएनसीवर जी ०२ आणि जी ०३ या कमानी कापण्याच्या आज्ञांच्या दोन ओळींत होतो; आम्ही त्यासाठी त्याच आकाराचे फॉर्म टूल घासत बसत असू. शेकडो जॉब एकसारखे काढणे हे माणसाचे काम नव्हेच. बंद दारामागे कटिंग होत असल्याने डोळ्यांत चिप जाण्याची भीती गेली, आणि अनेक कारखान्यांत आज मुली ही यंत्रे उत्तम चालवतात, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या वर्गात एकही मुलगी नव्हती.

तेव्हा शाळेच्या व्यवस्थापनापुढे माझी सूचना अशी आहे. आठवीचे पूर्ण वर्ष फिटिंग, आखणी आणि मोजमाप यांना द्यावे. नववीत हाताच्या लेथवर फेसिंग, टर्निंग आणि आटे. आणि त्यानंतर तोच जॉब, त्याच ड्रॉइंगवरून, मुलांनी सीएनसीवर काढावा व दोन्ही जॉब शेजारी ठेवून त्याच मायक्रोमीटरने मोजावेत. फरक कुठे पडला आणि का पडला हे मुलांनी वहीत लिहावे, आणि गुणही त्या लिहिण्याला असावेत. सीएनसीच्या जागेसाठी उत्तरेकडची लोहारकामाची शेड पुरेशी आहे असे मला वाटते. फक्त तिची फरशी नव्याने करून घ्यावी लागेल आणि जवळपास हातोड्याचे काम ठेवता येणार नाही. मोजमापाच्या कपाटातील मायक्रोमीटर आणि स्लिप गेज (प्रमाण मापाचे ठोकळे) कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे अचूकता तपासून घेण्यासाठी, पाठवण्याचा खर्च आमच्या तुकडीने उचलण्याचे ठरवले आहे. १२७ दातांच्या त्या चाकाचे काही दात झिजले आहेत असे कळले. नवे चाक कापून देणारा गिअर हॉबिंगचा कारखाना उद्यमनगरात आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत माप घ्यायला मी स्वतः येईन.