बाईंनी न खोडलेली ओळ

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि मी हातातलं काम तसंच बाजूला ठेवलं. शाळेबद्दल लिहायचं तर कवायत, गॅदरिंग, कृष्णेच्या घाटावरची वनभोजनं असं पुष्कळ आहे. पण लिहायला बसले की डोळ्यांपुढे येतात त्या फक्त मराठीच्या बाई. बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी. बाईंचं नाव लिहायची गरज नाही. आपल्याकडे नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी कोण ते कळायचं.

१९८२ सालचा डिसेंबर. मी सहावी ‘ब’मध्ये होते. वाईला थोरामोठ्यांचं येणं-जाणं नवं नव्हतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी गावातच राहायचे, विश्वकोशाची कचेरीही इथलीच. शाळेत व्याख्यानं होत. आम्ही सतरंजीवर मांडी घालून बसायचो आणि टाळ्या कुठे वाजवायच्या ते सरांकडे बघून ठरवायचो. पण मुलांसाठी गोष्टी लिहिणारं माणूस आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. मला तर वाटायचं, गोष्टी लिहिणारे सगळे वारलेलेच असतात. पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावापुढे कंसात दोन सालं असायची ना!

बाईंनी पुण्याच्या एका बाललेखकांना पत्रं लिहायला सुरुवात केली होती. पंधरा पैशांची पोस्टकार्डं, एकामागून एक. चौथ्या कार्डाला होकार आला. त्यांच्या एसटीचं भाडं बाईंनी पदरचं दिलं, हे मला फार उशिरा कळलं.

पण खरं काम त्याआधीच्या महिनाभराचं. दर शनिवारी कथामालेच्या तासाला बाई त्यांची एक गोष्ट वाचून दाखवायच्या. पुस्तक एकच होतं, तेही बाईंचं स्वतःचं. ऐन रंगात आल्यावर त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, पुढचं सोमवारी. मग प्रत्येकाने कागदावर एक प्रश्न लिहून द्यायचा. ‘तुम्ही लेखक कसे झालात?’ असा प्रश्न मी लिहिला, तो त्यांनी परत दिला. “हे कुणालाही विचारता येईल. त्या गोष्टीतलं काहीतरी विचार.” मी दुसरा लिहिला: ‘त्या मुलाची चप्पल नदीत वाहून गेली, मग तो घरी अनवाणी गेला तेव्हा आई काय म्हणाली?’ बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

पाहुणे आले ते पिशवी खांद्याला लावून. आम्ही त्यांना लेखककाका म्हणू लागलो ते पहिल्या पाच मिनिटांतच. हार नाही, व्यासपीठ नाही. ते आमच्या वर्गातल्या खिडकीच्या कट्ट्यावर बसले. पिशवीतून त्यांनी कागदांचा एक गठ्ठा काढला आणि पहिल्या बाकापासून फिरवला. त्यांच्याच एका गोष्टीचं पहिलं पान, पाच वेळा लिहिलेलं. निळ्या शाईवर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा, समासात बाण, एका जागी तर कागदाचा तुकडा खळीने चिकटवून खाली दुसरंच वाक्य. मी त्या तुकड्यावरून बोट फिरवून पाहिलं. खळ वाळून टणक झाली होती. छापलेली गोष्ट आधी अशी दिसते, हे कळल्यावर मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग त्यांनी कुणालातरी आपलं लिखाण वाचायला सांगितलं. बाईंनी मला उभं केलं. माझा ‘माझी आजी’ निबंध. ‘माझी आजी फार प्रेमळ आहे. ती मला रोज गोष्टी सांगते. ती मायेचा सागर आहे.’ शाबासकीची अपेक्षा होती. काकांनी विचारलं, “तुझी आजी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करते?”

“मशेरी लावते.”

सगळा वर्ग हसला. माझे कान तापले. काका हसले नाहीत. “मग?”

मग मी सांगत गेले. ती उंबऱ्यावर बसते. डाव्या तळव्यावर मशेरी घेते. तोंड भरलेलं म्हणून बोलत नाही, हाताने खुणावते. दोन बोटं दाखवली की शेळीला पाला टाकायचा. मूठ वळली की चुलीतलं लाकूड पुढे सारायचं. घरात त्या खुणा मला एकटीलाच कळतात, आईलासुद्धा नाही.

“हे का नाही लिहिलंस?”

“निबंधात मशेरी लिहीत नाहीत.”

“कुणी सांगितलं?”

मी बाईंकडे पाहिलं. वर्ग चिडीचूप. बाई जागेवरून उठल्या आणि पाहुण्यांसमोर, पन्नास मुलांसमोर म्हणाल्या, “मीच सांगितलं असेल. आता सांगते, लिही.”

आपली चूक वर्गात अशी उघड कबूल करणारं मोठं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही फार थोडी पाहिली.

त्या वर्षीच्या हस्तलिखितात ‘आजीच्या खुणा’ आलं. मशेरीचा उल्लेख काहींना रुचला नव्हता, शाळेच्या अंकात तो नको असं म्हणणं होतं. बाई म्हणाल्या, “आजी तिची आहे. शब्दही तिचाच राहू दे.” आणि तो राहिला.

काका आले ते दीड तासासाठी. त्यांचा तो दीड तास बाईंनी पुढे तीन वर्षं चालवला. दर शनिवारी वहीत, आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट लिहायची. बाई शाबास लिहायच्या नाहीत, चूकही लिहायच्या नाहीत. समासात एकच शब्द असायचा: ‘कसं?’ ‘पाऊस खूप आला’ – कसं? ‘भाऊ रागावला’ – कसं? त्या एका शब्दावर मी आजवर लिहिते आहे.

माझी मुलांसाठीची चार पुस्तकं आली. आता मीच पाहुणी म्हणून शाळांत जाते, आणि तिथे गेलं की जीव तुटतो. मुलं सकाळपासून उन्हात बसवलेली असतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ, तीन भाषणं. एका शाळेत मुलांशी बोलायला मला शेवटची दहा मिनिटं मिळाली आणि त्यातली चार फोटोत गेली. मुलांनी माझी एकही गोष्ट वाचलेली नव्हती. आता मी आधीच कळवते: शाल नको, एक गोष्ट मुलांना वाचून दाखवा. जिथे एखाद्या शिक्षिकेने हे मनापासून केलेलं असतं, तिथे वर्गात पाय टाकताच समजतं. हात आधीच वर असतात.

भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव सुरू झालं, तेव्हापासून पसरणीचा घाट चढून मुलांना तिथे नेण्याचा मी नेम ठेवला आहे. बालसाहित्याच्या घरात मुलं जमिनीवर पालथी पडून वाचतात. बाई असत्या तर त्यांनी तिथून हलायचं नावच काढलं नसतं.

माझं पहिलं पुस्तक घेऊन गेले तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती. मला म्हणाल्या, वाच. दुसऱ्या पानावर ‘सुंदर सकाळ’ असं होतं. बाईंनी हात वर केला. “कसं?”

पुढच्या आवृत्तीत मी ते बदललं.

आपला तो वर्ग आता संगणककक्ष झाला आहे, खिडकीचा कट्टाही गेला. त्याला इलाज नाही. पण १९८२-८३ चं हस्तलिखित शाळेत असणार. एकच प्रत, हिरवा कापडी पुठ्ठा, आतमध्ये माझ्या मैत्रिणीने काढलेलं मशेरीच्या पोचे पडलेल्या डब्याचं चित्र. ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर असायचं. सामान हलवताना रद्दीत गेलं नसेल, अशी आशा आहे. कुणाला सापडलं तर समारंभाच्या दिवशी टेबलावर ठेवावं. आम्ही दोघी येतो आहोत.

(दहावी ‘ब’, मार्च १९८७)