कंट्रोल आणि मात्रा

तक्रार एका ओळीची होती: ‘नोंदी जतन होत नाहीत.’ एका जुन्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं काम चालू होतं. सर्व्हरचे लॉग मी दोनदा चाळले. चूक दिसेना, कारण जतन करायची विनंती आमच्यापर्यंत आलेलीच नव्हती. शेवटी एसटी धरून तिथे गेले.

नोंदी करणाऱ्या काकू निवृत्तीला आलेल्या. हात इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर बसलेला: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, आणि नजर सगळा वेळ वहीवर. इतकं स्वच्छ टायपिंग मी फार कमी पाहिलंय. एक नोंद संपली, त्यांनी कंट्रोल धरून एक कळ दाबली. पडद्यावर फाइल साठवायची चौकट उघडली. त्यांनी एंटर मारला, ‘नवी नोंद’वर क्लिक केलं आणि पुढचं पुस्तक घेतलं.

“काकू, आत्ता काय दाबलंत?”

“कंट्रोल-मात्रा. शिकवायला आलेल्या मुलानं हीच कळ दाखवली होती गं.”

एसच्या कळेवर एका मात्रेचं स्टिकर होतं, कडेनं झिजलेलं. डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. आमच्याच पानाच्या ऐंशीएक फाइली, नाव एकच, पुढे कंसात आकडे. उघडून पाहिल्या तर सगळ्यांचे रकाने रिकामे. बारा दिवस त्या आपलं काम जतन करत होत्या, मनापासून, दर नोंदीला.

कळ दाबली की ब्राउझर प्रोग्रामला तीन गोष्टी सांगतो: कोणतं अक्षर उमटतं, ती कळ कीबोर्डवर कुठल्या जागी आहे, आणि जुन्या पद्धतीचा एक आकडा, कीकोड. विंडोजवर इनस्क्रिप्ट चालू असतानाही एसच्या कळेचा कीकोड ८३च येतो. म्हणून जतन करायचा आमचा कंट्रोल-एस हा शॉर्टकट आधी नीट चालत होता. पण कीकोड आता कालबाह्य ठरवलाय, तेव्हा बारा दिवसांपूर्वीच्या अपडेटमध्ये आम्ही तो काढून अक्षर तपासायला लागलो. इनस्क्रिप्टवर ते अक्षर ‘एस’ नसतं, मात्रा असते. आमचा प्रोग्राम गप्प राहिला, आणि ब्राउझरने त्याचं स्वतःचं ‘पान साठवा’ पुढे केलं. वर, नोंद न जतन करता नवी उघडली तर साधा इशारा द्यायचीही सोय आम्ही केलेली नव्हती. त्याची मला जास्त लाज वाटते.

आमच्या चाचणीत हे सापडलं नाही, कारण चाचणी करणारे रोमन अक्षरांतून मराठी उमटवतात. तिथे कंट्रोलबरोबर ‘एस’च येतो. तेवढ्यावर ‘मराठी चालतं’ अशी खूण झाली. १९९१ पासून भारतीय मानकात असलेला, विंडोजबरोबर आपसूक येणारा कीबोर्ड आमच्या यादीत ‘इतर’ या रकान्यात होता.

संध्याकाळी फोनवर सहकारी म्हणाला, “सोपं आहे, अक्षर सोड, जागा तपास.” मलाही क्षणभर पटलं. पण आमच्याच टीममधला एकजण ड्वोरॅक हा वेगळ्या मांडणीचा रोमन कीबोर्ड वापरतो. त्याच्या कीबोर्डवर एसच्या जागी ‘ओ’ असतो. तो कंट्रोल-ओ दाबून फाइल उघडायला जाईल आणि आम्ही जतन करून टाकू. फ्रेंच कीबोर्डवर ‘ए’ आणि ‘क्यू’ अदलाबदल झालेले असतात, तिथेही तीच गत. म्हणून क्रम असा ठरवला: उमटणारं अक्षर रोमन असेल तर तेच खरं मानायचं, नसेल तरच कळेची जागा बघायची. दहा ओळींचा बदल आहे. रात्री तो चढवला आणि न जतन झालेल्या नोंदीचा इशाराही जोडला.

सकाळी काकूंनी कंट्रोल-मात्रा दाबली. ‘जतन झाले’ आलं. पण तेवढ्यानं गेलेल्या नोंदी परत येत नव्हत्या. बारा दिवसांतली पुस्तकं त्यांनी टेबलाच्या कडेला वेगळी रचून ठेवली होती, दाखल क्रमांकाच्या ओळीने.

“मला वाटलं माझंच काही चुकतंय,” त्या म्हणाल्या. “म्हणून आठवडाभर कुणाला बोललेच नाही.”

डाउनलोड्समधल्या त्या फाइली काढून टाकू का, असं मी विचारलं.

“राहू देत,” काकू म्हणाल्या. “एकेक नोंद परत झाली की एकेक काढते.”