सायडर तुम्ही प्या, रस मला द्या

आपल्याकडे सफरचंद म्हणजे कुणी दवाखान्यात ॲडमिट असलं की भेटायला जाताना न्यायचं फळ. त्यामुळे इथे इंग्लंडमध्ये, हेरफर्डशरला, सप्टेंबर-ऑक्टोबरात लोकांच्या गेटबाहेर क्रेट भरभरून सफरचंदं आणि वर 'फुकट, घेऊन जा' अशी पाटी दिसली की अजूनही माझा हात आपोआप पिशवीकडे जातो. इथल्यांना त्याचं काही नाही. झाडाखाली सडा पडलेला असतो, त्यावर गांधीलमाश्या घोंघावत असतात, आणि घरमालक विनवण्या करत असतो की बाई घेऊन जा!

मग एवढ्याचं करायचं काय, तर पिळायचं.

गंमत म्हणजे सायडरची, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या दारूची, खरी सफरचंदं खायच्या लायकीची नसतात. डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक, यार्लिंग्टन मिल अशी ऐटबाज नावं, पण डॅबिनेटचा एक घास घ्या, आधी गोड वाटतं आणि मग तोंड असं तुरट होतं की जीभ टाळ्याला चिकटते. तो तुरटपणा टॅनिनचा, आणि सायडरला दम त्यानेच येतो. नुसत्या खायच्या गोड सफरचंदांचा केला तर पाणचट होतो. म्हणून आमच्याकडे मिसळ असते, शेजाऱ्यांच्या बागेतली ब्रॅम्ली जातीची सफरचंदं आंबटपणाला, बाकी जी मिळतील ती गोडीला, आणि ओळखीतल्या एका शेतकऱ्याकडून क्रेटभर तुरट. सुपरमार्केटातल्या चकचकीत सफरचंदाला इथे कुणी विचारत नाही, आणि मला त्याचं मनातून फार बरं वाटतं.

आणलं की लगेच पिळायचं नाही. आठवडा-दोन आठवडे पसरून ठेवायचं, अंगठा दाबला की आत जायला हवा. मग धुवायचं, सडकं तेवढं काढायचं (डाग, ठोकर, किड्याचं भोक चालतं, बुरशी नाही) आणि दातेरी रूळाच्या हातमिलमध्ये टाकून लगदा करायचा. हे काम नवऱ्याचं, कारण हँडल फिरवून खांदे भरून येतात. लगदा निघताना पांढरा असतो पण बादली भरेपर्यंत विटकरी होतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं खराब झाला. हवा लागली की होतंच ते.

माझं काम कापडाचं. लाकडी पट्ट्यांच्या जाळीवर चौकट, चौकटीत कापड, कापडात लगदा, चारी टोकं पाकिटासारखी दुमडायची, चौकट उचलायची, वर दुसरी जाळी, परत कापड. असा थर रचत गेलं की जो मनोरा होतो त्याला इथे 'चीज' म्हणतात, का ते विचारू नका. आणि मला सगळ्यात आवडतो तो क्षण इथेच येतो, अजून प्रेसच्या, म्हणजे दाबयंत्राच्या, स्क्रूला हातही लावलेला नसतो आणि नुसत्या वरच्या थरांच्या वजनाने खालून रस ठिबकायला लागलेला असतो. माझं माहेर सिंधुदुर्गातल्या बांद्याकडचं, तिथे काजूच्या बोंडूंचंही असंच, पायाने तुडवून झाल्यावर उरलेल्या लगद्याचा ढीग वेलीने बांधून वर दगड ठेवतात आणि जो रस निथळतो तो नीरो, तो प्यायचा. तुडवलेला पहिला रस दारूला. म्हणजे चांगला वाटा कुणाचा हे आमच्याकडे आधीच ठरलेलं आहे.

स्क्रू मात्र हळू. अर्धा वेढा द्यायचा, थांबायचं, धार बारीक झाली की परत अर्धा. जोर केला की कापड फाटतं नाहीतर लगदा बाजूने फुटून बाहेर येतो. घाईची माणसं प्रेसजवळ नकोत, त्यांना बाटल्या धुवायला बसवावं. साधारण दहा किलोला पाच-सहा लिटर रस निघतो, चोथा शेजारच्या डुकरांना.

प्रेसला लाकूड आणि स्टेनलेस स्टील, बाकी धातू नको, कारण रस आंबट असतो आणि धातू खातो. इंग्लंडमधल्याच डेव्हन परगण्यात पूर्वी लोकांना पोटात भयंकर कळा यायच्या, हातपाय लुळे पडायचे, १७६७ मध्ये जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की तिथल्या सायडरच्या गिरण्यांमध्ये आणि प्रेसमध्ये शिसं वापरतात, ते रसात उतरतं. डेव्हनचे लोक खूश झाले नाहीत म्हणे, सायडरची बदनामी केली म्हणून! त्याच्या चारच वर्षं आधी सरकारने सायडरवर कर बसवून तपासायला माणसं थेट घरात शिरवायची सोय केली होती, त्यावर लोक एवढे भडकले की १७६६ मध्ये तो कर मागे घ्यावा लागला.

पुढचं सगळं नवऱ्याचं खातं. रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवून १.०५० आलं की स्वारी खूश, म्हणजे साखर पूर्ण आंबली की साडेसहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. मग यीस्ट घालायचं की सालीवरच्या रानटी यीस्टवर सोडायचं यावर मित्रांशी तासभर फोन, मग एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण बाहेरची हवा आत न घेणारं बूच), आणि नंतर काही महिने जिन्याखाली बुडबुडे. मार्च-एप्रिलमध्ये बाटल्या उघडून सगळे माना डोलावतात. मी घोटभर घेते, छान म्हणते.

पण रस काढायच्या दिवशीच मी दोन लिटर बाजूला काढून फ्रीझरमध्ये टाकते, बाटली थोडी रिकामी ठेवून, नाहीतर गोठताना फुटते. यावरून दरवर्षी वाद. एवढ्यात चार बाटल्या सायडर झाला असता, नवरा म्हणतो. झाला असता, पण जानेवारीत सकाळी ग्लास भरून पहिल्यांदा तोच पुढे करतो.