भंडारदऱ्याला टेंटमध्ये राहायला जाताना काय काय नेलं – माझा अनुभव

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पहिल्यांदा भंडारदऱ्याला टेंटमध्ये राहायला गेलो. मी, नवरा, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, त्यांचं वय ६८ आणि दोन्ही गुडघे दुखतात. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरहून भंडारदरा साधारण ७० किलोमीटर, घोटीपर्यंत हायवे आणि तिथून डावीकडे आत वळायचं, म्हणजे जवळच आहे, काही राहिलं तर बघू असं म्हणून फार विचार न करता निघालो. रात्री दीड वाजता मात्र पाचही जण जागे होते आणि आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) गप्प बसून पाय चोळत होत्या, ते बघून मला खरंच रडू आलं. त्यांना आणायचा हट्ट माझाच होता ना.

पांघरूण कमी नव्हतं. माणशी दोन ब्लँकेट, स्वेटर, टोप्या, सगळं होतं, आणि खाली हवा भरायचे दोन डबल गादे होते जे मी मुद्दाम आईंना टोचू नये म्हणून घेतले होते. तिथेच चुकलं. त्या गाद्यात नुसती हवा असते आणि ती आतल्या आत फिरत राहते, जमिनीकडून गार होते आणि तोच गारवा पाठीला देते. वर कितीही ब्लँकेट घाला, पाठ गारच. बरं, अंगाखाली दबलेलं ब्लँकेट किंवा स्लीपिंग बॅगसुद्धा ऊब देत नाही कारण त्यातली हवा दाबून निघून जाते. हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

आम्ही ज्यांच्या शेतात टेंट लावला होता त्या मावशी आवाज ऐकून कंदील घेऊन आल्या. त्यांनी आत हात घातला, गादी चाचपली आणि म्हणाल्या, "ताई, वरून थंडी नाय लागत तुमाला, खालून लागतीया." मग त्यांनी आणि त्यांच्या मुलाने पडवीतून भाताच्या पेंढ्याचे चार भारे आणले, आम्ही सगळं सामान बाहेर काढलं, टेंट उचलला, खाली वीतभर जाड पेंढा पसरला आणि वर परत टेंट ठेवला. तिकडे नोव्हेंबरात भात निघतो त्यामुळे डिसेंबरात घरोघरी पेंढा असतो. हवेचे गादे काढून गाडीत टाकले, आईंची गोधडी दुहेरी करून खाली घातली आणि अर्ध्या तासात आई घोरायला लागल्या. टेंट उचलायची वाट बघत मुलं बाहेर उभी होती तेव्हा त्यांना आकाशात पाच-सहा तारे तुटताना दिसले, १३-१४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतून उल्का पडतात त्या होत्या. मुलगी अजून त्या रात्रीबद्दल सांगते तेव्हा तारेच सांगते, थंडीचं नाव घेत नाही.

घरी आल्यावर ठरवलं की परत जायचं आणि यावेळी आई सकाळी सात वाजेपर्यंत झोपल्या पाहिजेत, बाकी सगळं त्यानंतर. संक्रांत झाल्यावरचा शनिवार-रविवार धरला आणि महिनाभर तयारी केली.

सगळ्यात आधी जमीन. एक ताडपत्री टेंटखाली, पण ती टेंटच्या तळापेक्षा थोडी लहान पाहिजे किंवा कडा आत दुमडून घ्यायच्या, बाहेर राहिली तर रात्रीचं दव तिच्यावर जमून आत टेंटखाली येतं. मग टेंटच्या आत मुलांच्या खोलीतल्या कोड्यासारख्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट होत्या ना, त्या सगळ्या उचलून नेल्या, एक रुपया खर्च नाही. त्यावर योगा मॅट, त्यावर घोंगडी, त्यावर गोधडी. घोंगडी माहेरून मागवली, तिकडे ती नुसती पडून होती. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही, सुती चादरीचं तसं नसतं, सुती एकदा ओलसर झाली की उलट गारच करते. आईंनी कपाटातून त्यांच्या सासूबाईंच्या हातची जुनी गोधडी काढली, नऊवारीच्या सात-आठ थरांची, टाके इतके जवळजवळ की बोट फिरवलं तर बारीक बारीक लाटा लागतात. मी म्हटलं आई ही खराब होईल, तर म्हणाल्या अगं अंगाखाली घालायलाच शिवलीये ती.

टेंट. पहिल्या वेळी भाड्याने घेतला होता, "चार माणसांचा" म्हणून, एका खुंटीच्या जागी खिळा दिला होता आणि चेन मधेच अडकायची. चार माणसांचा म्हणजे चार माणसं काड्यापेटीतल्या काड्यांसारखी लागून लागून झोपली तर, बॅगा आणि चपला वेगळ्या. आता आम्ही सहा माणसांचा एक विकत घेतला, पाच जणांना तो बरोबर पुरतो. महत्त्वाचं म्हणजे निघायच्या आठ दिवस आधी तो सोसायटीच्या गच्चीवर लावून बघितला, खुंट्यांच्या जागी विटा बांधल्या, नवऱ्याने वरून पाइपने पाणी मारलं आणि मी आत बसून कुठे गळतंय का बघत होते. एका शिवणीतून थेंब आला, तिथे सील लावून घेतलं. शिवाय दुसऱ्यांदा लावायला पंधराच मिनिटं लागली, नाहीतर जानेवारीत सहाच्या पुढेमागे सूर्य बुडतो आणि नवीन टेंट अंधारात बॅटरी तोंडात धरून लावायचा म्हणजे भांडणंच. खुंटी टेंटपासून बाहेर कलती ठोकायची, सरळ उभी नाही, आणि हातोडी न्यायची, दगडाने ठोकलं की खुंटी वाकते.

अजून एक गोष्ट पहिल्या वेळी कळली होती. पहाटे टेंटच्या आतल्या कापडावर थेंब जमले होते आणि मुलाच्या तोंडावर टपटप पडत होते, आम्हाला वाटलं दव आत आलं. ते दव नव्हतं, पाच माणसांचा श्वास होता. थंडी वाजते म्हणून आम्ही सगळ्या जाळ्या आणि खिडक्या बंद केल्या होत्या, मग वाफ जाणार कुठे. आता कितीही थंडी असू दे, वरच्या दोन्ही जाळ्या उघड्या ठेवतो. आणि आत शेगडी, निखारे, गॅस काहीही नाही, अगदी पाच मिनिटंसुद्धा नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेत माणूस जातो. शेजारच्या टेंटमधले लोक निखाऱ्याची पाटी आत घेत होते, मावशींच्या मुलाने अक्षरशः धावत जाऊन ती बाहेर काढली. त्यापेक्षा स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरायचं, झाकण घट्ट, वरून जाड मोजा चढवायचा आणि झोपायच्या आधी पायाशी ठेवायची. आईंना हे सगळ्यात आवडलं.

कपड्यांचं सांगते. प्रत्येकाची एक वेगळी झोपायची पिशवी केली: थर्मल, स्वेटर, लोकरीची टोपी आणि मोज्यांचा एक जोड, आणि हे कपडे दिवसा अजिबात घालायचे नाहीत. दिवसभर घातलेले मोजे हाताला कोरडे वाटले तरी घामाने दमट असतात आणि रात्री पाय गार पडतात ते त्यामुळेच. मुलाच्या पिशवीत दोन जोड जास्तीचे. सगळं प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत.

आईंसाठी जे नेलं त्याने मात्र ट्रिपच बदलली. तिथे संडास होता पण भारतीय पद्धतीचा, आणि पहिल्या वेळी त्यांनी पाणीच कमी प्यायलं कारण उठबस जमत नव्हती, हे मला परतीच्या वाटेवर घोटीला कळलं, मला फार वाईट वाटलं. सर्जिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, ती घेतली, डिकीत आडवी मावते. दोन्ही बाजूंना हात असलेली एक घडीची खुर्ची बसायला, बिनहाताची नको, उठताना हाताला आधार लागतो. डोक्याला लावायची बॅटरी, म्हणजे रात्री उठल्या तर दोन्ही हात मोकळे. औषधांचा डबा त्यांच्या उशाशी, गाडीत नाही. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी हे चार आधी भरा, मग कॅरम आणि बॅडमिंटन.

खाणं मी मुद्दाम कमी ठेवलं. पहिल्या वेळी पावभाजीचा घाट घातला होता आणि अर्धी संध्याकाळ कांदे चिरण्यात गेली, समोर पाण्यावर सूर्य बुडत होता आणि माझी पाठ त्याच्याकडे. यावेळी संक्रांतीच्या गूळपोळ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, घरून एकत्र करून नेलेली खिचडीची डाळ-तांदूळ-मसाल्याची पुरचुंडी, नुसतं पाणी आणि तूप घालायचं. गूळपोळी गरम करावी लागत नाही आणि चार दिवस टिकते. रात्रीचं जेवण मावशींनीच केलं, नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा, त्याचे पैसे आधीच ठरवले होते. पाण्याचे २० लिटरचे दोन जार, आइसबॉक्समध्ये बर्फाच्या ऐवजी पाण्याच्याच बाटल्या गोठवून ठेवल्या, दूध गार राहतं आणि वितळल्यावर तेच पाणी पितो. चहाचं सामान सगळं एकाच डब्यात पाहिजे, पहाटे साखर शोधायला लागू नये, गाळणी विसरू नये.

बाकी बारीकसारीक: पिवळ्या उजेडाचा कंदील (पांढऱ्यावर किडे जास्त येतात), जास्तीची दोरी, कचऱ्याच्या पिशव्या, ओआरएस, क्रेप बँडेज, पॉवर बँक. टेंटची चेन कायम बंद, चपला आत. थंडीत साप कमी फिरतात, पण मण्यार झोपलेल्या माणसाला चावते आणि चावलेलं कळतही नाही कित्येकदा, म्हणून उघड्यावर जमिनीवर कोणी झोपायचं नाही हे मुलांना दोनदा सांगितलं. १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये. आणि जागा माहितीतलीच, गावातल्या लोकांची. धरणाच्या मागे मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, दिसेल तिथे पाण्याकाठी टेंट ठोकायचा नाही.

दुसऱ्या ट्रिपला गाडीच्या मीटरवर रात्री ९ डिग्री दाखवत होतं. मी दोनदा उठून आईंच्या पाठीखाली हात घालून बघितला, कोमट होतं. सकाळी मी चहा टाकला, मुलं पाण्याकडे पळाली, समोर पाण्यावर धुकं इतकं की पलीकडचे डोंगर दिसतच नव्हते, आणि आई झोपलेल्याच. सव्वासातला टेंटची चेन उघडून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, चहा झाला का गं.

निघताना त्यांनी मावशींच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गूळपोळ्यांचा अख्खा डबा दिला. मावशी म्हणाल्या यावेळी खाली घालायला पेंढा नाही लागला का, तर आई त्यांना हात धरून आत घेऊन गेल्या आणि गोधडी, घोंगडी, फोम एकेक थर उचलून दाखवत बसल्या. आम्ही बाहेर बाकीचं सामान गाडीत भरून वाट बघतोय आणि आतून दोघींच्या गप्पा चाललेल्या, टाका कसा घालतात त्याच्यावर.

घरी आल्या आल्या टेंट गच्चीवर दोन दिवस उन्हात वाळवला, ओला घडी करून ठेवला की बुरशी धरतो आणि मग तो वास जात नाही. झटकताना कोपऱ्यातून पेंढ्याची दोन-तीन काडकं निघाली, यावेळी तर आम्ही पेंढा घेतलाच नव्हता, म्हणजे डिसेंबरातली, तेव्हाच्या गोधडीला चिकटून आलेली. ट्रंकेच्या झाकणाला आतून सामानाची यादी चिकटवलीये, त्यात सगळ्यात खाली आईंनी त्यांच्या अक्षरात लिहिलंय: मावशींसाठी सुई, दोरा, जुनी दोन लुगडी.